मदत हवी आहे: सीटी-एमआरआय जुळवताना थवा भलतीकडेच स्थिरावतो

नमस्कार मंडळी. एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी मेंदूचं सीटी आणि एमआरआय एकमेकांवर बसवतोय. डोकं कडक वस्तू धरलंय, म्हणजे सहाच आकडे शोधायचे: ३ सरकणं, ३ फिरणं. जुळणी मोजायला म्युच्युअल इन्फर्मेशन (एका चित्रातल्या छटेवरून दुसऱ्यातली किती ओळखता येते त्याचं माप), छटांचे ६४ बिन्स म्हणजे गट. शोधायला पार्टिकल स्वॉर्म, १९९५ची केनेडी-एबरहार्टांची पक्ष्यांच्या थव्यावरून सुचलेली पद्धत. ३० कण (प्रत्येक कण म्हणजे त्या सहा आकड्यांचा एक अंदाज), इनर्शिया (आधीचा वेग किती टिकवायचा) ०.७२९, स्वतःच्या आणि थव्याच्या सर्वोत्तम जागेकडे ओढणारे दोन्ही गुणक १.४९.

अडचण अशी की दहापैकी तीन-चार वेळा सगळे कण चुकीच्या जागी गोळा होतात. स्कोअर चांगला, पण चित्र बघितलं तर कवटी कानाच्या बाजूला कललेली! गंमत म्हणजे चुकीची उत्तरं बरेचदा बरोब्बर पूर्ण व्हॉक्सेलवर (त्रिमितीतला पिक्सेल) येतात. हा इंटरपोलेशनचा, म्हणजे व्हॉक्सेलांच्या मधल्या जागेची छटा अंदाजानं काढण्याचा, खेळ असावा असा संशय आहे (सध्या ट्रायलिनियर वापरतोय, म्हणजे शेजारच्या आठ व्हॉक्सेलांची भारित सरासरी). शिवाय अंश आणि मिलिमीटर एकाच मापात कोंबलेत, तेही नडत असेल.

पार्शियल व्हॉल्यूमनं (नवी छटा न काढता शेजारच्या व्हॉक्सेलांचा वाटा थेट मोजणीत वाटून देणं) फरक पडेल, की नमुने थोडे यादृच्छिक हलवून घेऊ? आधी लहान रिझोल्यूशनवर थवा सोडून शेवटी पॉवेलनं (एकेका दिशेनं शोधत जाणारी पद्धत) बारीक जुळवणी कुणी केलीय का? की सरळ डिफरन्शियल इव्होल्यूशनकडे (अंदाजांमधल्या फरकांवरून नवे अंदाज घडवणारी दुसरी शोधपद्धत) वळू? सबमिशन तोंडावर आलंय हो.