मदत हवी आहे : उन्हाळी लागली आहे, सिप्रो घेऊनही फरक नाही, पुढची गोळी कोणती?

तापीकाठचा
लघवीला जळजळ होते. आठवडा होत आला. मेडिकलवरून सिप्रोची पट्टी आणली, ती संपली. मध्ये जरा बरं वाटलं, पुन्हा तेच सुरू. याच्या पुढची जोरदार गोळी कोणती ते नावासकट सांगा. डॉक्टरकडे जा असं लिहू नका, ते मलाही कळतं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत बरं व्हायचं आहे. लवकर सांगा.

नाना_चोपडा
पारा 44 ला टेकलाय आणि तू विचारतो जळजळ का होते! उन्हाळीच ती. धने-जिरे रात्री भिजत घाल, सकाळी गाळून खडीसाखर टाकून पी. दुपारी सब्जा. गोखरूचा काढा मिळाला तर सोन्याहून पिवळं. गोळ्यांनी अंगात अजून उष्णता वाढते.

भुसावळी
नाना, 44 तुमच्याकडे. आमच्याकडे 45 च्या खाली उतरतच नाही. बाकी उन्हाळीवर ताक.

शहादेकर
वय किती? शुगर? ताप येतो का? कंबरेतून जांघेकडे कळ जाते का? मला अगदी अशीच जळजळ होती, निघाला मुतखडा. सोनोग्राफी करून घ्या, मोकळे व्हा.

तापीकाठचा
वय 29. शुगर नाही, ताप नाही, खडा नाही. धने-जिरे, सब्जा, ताक, सगळं आईने पाजून झालं. मी गोळीचं नाव विचारलंय.

सिस्टर_धुळे
दादा, सरळ विचारते, राग मानू नका. लघवीच्या जागेतून पू किंवा चिकट पाणी येतं का, सकाळी चड्डीला डाग दिसतो का? फोड, जखम, जांघेत गाठ? आणि गेल्या महिना-दोन महिन्यांत कंडोमशिवाय कोणाशी संबंध आला होता का? तुमच्या वयाच्या धडधाकट पुरुषाला लघवीचं साधं इन्फेक्शनसुद्धा सहसा होत नाही, म्हणून विचारते.

नाना_चोपडा
ताई, पोरगा उन्हानं हैराण आहे आणि तुम्ही एकदम कुठे पोचल्या?

तापीकाठचा
डाग पडतो. पिवळा. फोड वगैरे नाही. मी सुरतला कामाला असतो, उधन्याला. आता पुढचं समजून घ्या आणि नाव सांगा.

जिभाऊ
समजनं भाऊ. आते मेडिकलवालाकडे जाऊ नको, सिस्टर काय सांगतीस ते ऐक.

सिस्टर_धुळे
पिवळा पू आणि जळजळ म्हटलं की आधी परम्याचा विचार करायचा, म्हणजे गोनोरिया. बहुतेकांना संबंधानंतर आठवड्याच्या आत त्रास सुरू होतो. त्याच्यासोबत क्लॅमिडिया, म्हणजे संबंधातूनच लागणारा दुसरा आजार असू शकतो, तो थोडा उशिरा आणि गुपचूप येतो. म्हणून दोन्हींचा इलाज एकदमच करतात. सिप्रोला परम्याचे जंतू आता दाद देत नाहीत, अर्धवट दबतात आणि परत वर येतात. तुमचं तेच झालेलं दिसतंय. पुढचीही गोळी अशीच अंदाजाने घेतली तर तपासणीत जंतू सापडणं अवघड होईल आणि आजार आत तसाच राहील.
सरकारी दवाखान्यात सुरक्षा क्लिनिक असतं, गुप्तरोगाचा ओपीडी. तिथे लक्षणांप्रमाणे औषधांची रंगीत पाकिटं फुकट मिळतात. तुमच्यासारख्या त्रासाला करड्या रंगाचं. त्यातला डोस एकदाच, तिथेच समोर घ्यायचा. जायच्या आधी तास-दोन तास लघवी करू नका, नमुना नीट मिळतो.
शेवटचा संबंध कधीचा? 72 तासांच्या आतला असेल तर एचआयव्ही टाळण्याची 28 दिवसांची औषधं सुरू करता येतात, म्हणून विचारते.

तापीकाठचा
पाडव्याच्या आधीचा. 72 तास कधीच गेले. कंडोम होता. बहुतेक वेळा.

अमळनेरची_लेक
बहुतेक वेळा म्हणजे ज्या वेळी नव्हता त्या वेळी झालं.

शहादेकर
नेहमी वापरून तरी काय, फाटतात. माझा दोनदा फाटलाय. तेव्हापासून मी दोन घालतो.

सिस्टर_धुळे
शहादेकर दादा, दोन कधीच नाही. एकमेकांवर घासून दोन्ही फाटतात. तेल लावत होता का?

शहादेकर
खोबरेल. घरात तेच असतं.

सिस्टर_धुळे
मग फाटणारच. खोबरेल, व्हॅसलिन, तूप, कोणतंही तेलकट लावलं की रबर काही मिनिटांत कमजोर होतं. मेडिकलवर पाण्याचं जेल मिळतं, ते लावा. पाकिटावरची तारीख बघा. मागच्या खिशातल्या पाकिटात महिनोन्महिने ठेवलेला कंडोम वापरू नका, आपल्या उन्हात तर नाहीच. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत घालायचा, शेवटच्या क्षणी घालून उपयोग नाही.

नाना_चोपडा
आमच्या वेळी निरोध होता. सरकारने 1968 साली काढला. चहा-साबणाच्या कंपन्यांच्या गाड्यांतून गावोगाव यायचा. दुकानदार चहापत्तीच्या पुड्यामागे लपवून ठेवायचा आणि आमची मागायची हिंमत व्हायची नाही. पण तो कुटुंबनियोजनासाठी, या रोगांसाठी नाही.

भुसावळी
म्हणजे नाना, तुम्ही चहा भरपूर प्यायला असणार.

वडील_वैद्य
कंडोम, पाकिटं, हे सगळं वरवरचं आहे. मुळात रक्त अशुद्ध होतं. माझ्याकडे 40 दिवसांचा कोर्स आहे, पथ्य कडक, गॅरंटी. वैयक्तिक संदेश पाठवा.

जिभाऊ
हाई कथाईन उनं, हे कुठून आलं? बसस्टँडच्या भिंतीवर लिहितात ते हेच का महाराज?

अमळनेरची_लेक
तापीकाठचे दादा, एक विचारू? आखाजीचा मुहूर्त का धरलाय? आखाजीला लेकी माहेरी येतात, सण झाला की नवरा घ्यायला येतो. तुमचं लग्न झालंय का?

तापीकाठचा
हो. मग? ती माहेरी गेलीय. आखाजी झाली की आणायला जायचंय. त्याच्या आत बरं व्हायचंय, एवढंच तर सुरुवातीपासून सांगतोय.

अमळनेरची_लेक
सुरुवातीपासून फक्त आखाजी सांगितलीत, बायको आत्ता आली. पाडव्यानंतर तुम्ही घरी होतात आणि तीही होती ना?

तापीकाठचा
होती. पण तिला काही त्रास नाही. रोज फोनवर बोलतो.

सिस्टर_धुळे
बायकांना बऱ्याचदा काहीच त्रास होत नाही. किंवा थोडं अंगावरून पांढरं जातं आणि त्याकडे कोणी लक्ष देत नाही. आजार आत गर्भाशयाच्या नळ्यांपर्यंत जातो, पुढे मूल राहायला अडचण येते. त्रास नाही म्हणजे लागण नाही, असं नसतं. तिचाही इलाज करावा लागेल. दोघांचं औषध होऊन सात दिवस जाईपर्यंत संबंध नको. नाहीतर तुम्ही बरे व्हाल आणि तिच्याकडून परत घ्याल.

तापीकाठचा
तिची गोळी मी घेऊन जाऊ शकतो का? चहातून वगैरे देता येईल? तिला कारण सांगितलं तर घरात काय होईल माहीत आहे का तुम्हाला?

शहादेकर
द्या की. शक्तीची गोळी आहे म्हणा. माझा एक मित्र असंच करून सुटला, संसार टिकला.

अमळनेरची_लेक
तुमच्या मित्राच्या बायकोला विचारलं का कोणी, तिला कशाचं औषध पाजलं? तिला पेनिसिलिनची ॲलर्जी असली तर? अंगावर पुरळ उठल्यावर डॉक्टरला काय सांगायचं, शक्तीची गोळी लागली म्हणून?

शहादेकर
ताई, खरं सांगून घर मोडायचं का? तुम्ही लांबून बोलता.

अमळनेरची_लेक
माझ्या मोठ्या बहिणीला अशाच "शक्तीच्या गोळ्या" दिल्या होत्या. लांबून बोलत नाही मी.

जिभाऊ
भांडू नका रे. भाऊ, तिला इतकंच सांग की मला इन्फेक्शन झालंय, डॉक्टर म्हणतात दोघांनी दाखवा. खोटं नाही त्यात. पुढचं समुपदेशक बोलतात, मी माझ्या चुलतभावासोबत बसलो होतो. बाई शांत होत्या, वहिनींनाच जास्त बोलू दिलं.

तापीकाठचा
बरं. पण ही औषधं चौथ्या महिन्यात चालतात का?

सिस्टर_धुळे
चौथा महिना? दिवस गेलेत त्यांना?

तापीकाठचा
हो ना. म्हणून तर माहेरी जास्त दिवस ठेवलंय.

सिस्टर_धुळे
दादा, हे पहिल्या ओळीत हवं होतं! आता चहातली गोळी डोक्यातून काढाच. डॉक्सीसारखी काही औषधं गरोदरपणात देत नाहीत, चालणारी दुसरी आहेत, ते डॉक्टर ठरवतील. तिला आखाजीपर्यंत थांबवू नका, तिच्या माहेरजवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवता येईल. बाळंतपणात परम्याचा संसर्ग बाळाच्या डोळ्यांना होतो, उपचार नाही झाला तर नजर जाऊ शकते. गरोदरपणात एचआयव्ही आणि सिफिलिस (गरमी) तपासतातच, पण तिची तपासणी पाडव्याच्या आधी झाली असेल तर ती आता धरता येणार नाही. पुन्हा करायची. सिफिलिस निघाला तरी पेनिसिलिनच्या इंजेक्शनने आईचाही इलाज होतो आणि बाळाचाही. उशीर केला तर मात्र पोटातच बाळ दगावू शकतं.
तुमचंही रक्त आता एकदा आणि शेवटच्या संबंधाला तीन महिने झाल्यावर पुन्हा. आजचा निगेटिव्ह शेवटचा धरू नका. तोपर्यंत घरीसुद्धा कंडोम. दिवस गेलेत म्हणून गरज नाही असं समजू नका.

नाना_चोपडा
काढा राहू दे बाबा. आधी सुनेला दाखव.

हिपॅटायटीस_बी_योद्धा
कोणी विचारलं नाही तरी सांगतो. हिपॅटायटीस बी पण संबंधातून पसरतो आणि त्याची लस आहे. तीन डोस, पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. धाग्यावरच्या सगळ्यांनी घ्या.

तापीकाठचा
जळगावच्या सिव्हिलला माझा मावसभाऊ कामाला आहे. तिथे पाय ठेवला की संध्याकाळी गावात.

जिभाऊ
मग धुळ्याला जा. भुसावळला जा. सुरतलाही होतं. इथलाच माणूस इथे, असा नियम नाही.

सिस्टर_धुळे
एचआयव्हीची चाचणी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात होते, फुकट. आधी समुपदेशक बोलतात, संमती घेतात, मगच रक्त. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही, मावसभावालाही नाही. जवळचं केंद्र कुठे ते 1097 वर विचारा, फोन मोफत आहे, नाव सांगावं लागत नाही.

तापीकाठचा
आज धुळ्याला जाऊन आलो. पाकीट करडंच होतं. समोरच पाणी देऊन गोळ्या घ्यायला लावल्या. रक्त दिलं, एचआयव्ही आत्ता निगेटिव्ह, तीन महिन्यांनी परत बोलावलंय. सिफिलिसचा रिपोर्ट उद्या. तिच्यासाठी चिठ्ठी दिली आहे. उद्या सासरवाडीला निघतोय, सासूबाईंना तपासणीला नेतो एवढंच सांगितलंय. तिला गाडीत बोलेन.

अमळनेरची_लेक
गाडीत नको, ड्रायव्हर ऐकतो. दवाखान्याच्या बाहेर आधी दोघंच बसा.

तापीकाठचा
बरं.

केळीबागवाला
धागा वर काढतो, माफ करा. माझ्या मित्राला असंच आहे, चाळीसगाव साइडला. पण पू नाही, फक्त एक फोड, दुखत पण नाही. त्याने काय करावं? त्यालाही सिप्रोच दिली आहे.

सिस्टर_धुळे
न दुखणारा फोड म्हणजे सिफिलिस तपासायलाच हवा. फोड आपोआप बरा होईल, पण आजार तसाच राहील, त्यामुळे तो गेला म्हणून थांबू नका. सिप्रो बंद. 1097 ला फोन करून चाळीसगावजवळचं केंद्र विचारा. आणि मित्राचं लग्न झालंय का ते आधी लिहा.