फोडी नकोत, अख्खे लावा
"बटाटा चिरून लगेच पुरला तरी उगवतो" असं वर कुणीतरी म्हटलंय. नोव्हेंबरच्या थंडीत उगवत असेल, ऑक्टोबरात नाही. माती अजून तापलेली असते, फोडी कुजतात. दसऱ्यानंतर गच्चीवर लावलेल्या माझ्या बारापैकी सात फोडी उकरल्या तर नुसता आंबूस लगदा! तेव्हापासून लवकरच्या लावणीला अंड्याएवढे अख्खेच बटाटे घेते.

आधी दहा-बारा दिवस ते अंड्यांच्या ट्रेमध्ये, डोळे वर करून, सावलीतल्या उजेडात. अंधारात ठेवलं की पांढरे लांबुळके कोंब फुटतात आणि लावताना हातात मोडून येतात. उजेडातले आखूड, जाड, जांभळट असतात. चिरायचाच असेल तर दर फोडीला दोन-तीन डोळे ठेवा आणि काप दोन दिवस सुकू द्या. कुफरी पुखराज या बटाट्याच्या जातीचं बियाणं मिळालं तर सोडू नका, 70-90 दिवसांत निघतो.