क्लासचं नाव फाइलमध्ये लिहून ऑब्जेक्ट बनवणं थांबवावं का?

रातराणी: जावात काही जण असं करतात: प्रॉपर्टीज फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, क्लासचं नाव लिहायचं, क्लास.फॉरनेम()नं तो शोधायचा आणि चालू प्रोग्राममध्ये त्याचा ऑब्जेक्ट बनवायचा. माझं मत स्पष्ट आहे: आपल्याच कोडमधले क्लास असे बनवू नयेत. मागच्या महिन्यात रात्री अकराला आमचं रिलीज अडकलं. लॉगमध्ये क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन, म्हणजे क्लास सापडला नाही अशी एरर, आणि पुढे छापलेलं नाव अक्षरन् अक्षर बरोबर! दीड तासानं सापडलं, फाइलमध्ये नावाच्या शेवटी एक स्पेस होती. जावा व्हॅल्यूच्या आधीची स्पेस काढून टाकतं, शेवटची तशीच ठेवतं. साधं 'न्यू' लिहिलं असतं तर नावातली चूक कंपायलरनंच पकडली असती.

घाटवाट: चूक स्पेसची, मग शिक्षा रिफ्लेक्शनला, म्हणजे चालू प्रोग्राममध्ये नावावरून क्लास शोधून वापरण्याला, का? मागच्यापुढच्या स्पेस काढणारं ट्रिम() लावा, संपलं. आमच्याकडे प्रत्येक बँकेचा अ‍ॅडॅप्टर, म्हणजे तिच्याशी जोडणारा क्लास, वेगळ्या जारमध्ये (जावा कोडच्या पॅकेज फाइलमध्ये) असतो. नवी बँक आली की जार टाकायचा, फाइलमध्ये एक ओळ वाढवायची. मूळ कोडला हात लावावा लागत नाही. आणि टेस्ट चालवणारं जेयूनिट तर रिफ्लेक्शनवरच उभं आहे, तुमचा टेस्ट क्लास त्याला आधीपासून कसा माहीत असणार?

रातराणी: जेयूनिटचं मान्य, म्हणून तर 'आपल्याच कोडमधले' म्हटलं. पण तुमच्या बँकांसाठी जावा 6 पासून सर्व्हिसलोडर आहे, ठरलेल्या इंटरफेसचे क्लास शोधून देणारी जावाचीच सोय. जावाला डेटाबेसशी जोडणाऱ्या जेडीबीसीचे ड्रायव्हर 4.0 पासून त्यानंच सापडतात.

घाटवाट: सर्व्हिसलोडरही आतून रिफ्लेक्शनच करतो! तिथंही नाव साध्या मजकुराच्या फाइलमध्येच असतं.

रातराणी: असतं, पण त्या फाइलमध्ये नावाच्या मागच्यापुढच्या स्पेस तो सोडून देतो. आणि क्लास ठरलेल्या इंटरफेसचा नसेल तर तिथल्या तिथे अडवतो. तुम्ही हाती कास्ट करता, म्हणजे ऑब्जेक्ट अमुक प्रकारचा आहे असं स्वतःच सांगता, ते चुकलं तर?

चहाबिस्किट: अँड्रॉइडवर याहून वाईट हाल होतात. आमचं डीबग बिल्ड छान चाललं, रिलीज उघडताक्षणी बंद. क्लासचं नाव फक्त जेसन या डेटा फाइलमध्ये होतं. कोडमध्ये कुठेच उल्लेख नाही म्हणून रिलीज बिल्ड लहान करणाऱ्या आर8 टूलनं तो क्लास वापरात नाही असं समजून काढून टाकला. हा क्लास काढू नको असं सांगणारा कीप रूल लिहिल्यावर सुटलं. मी रातराणींच्या बाजूनं.

घाटवाट: सर्व्हिसलोडर या आठवड्यात एका बँकेवर करून बघतो. पण फाइल मी सोडणार नाही. बिल्डच्या वेळी त्यातलं प्रत्येक नाव लोड करून बघणारी टेस्ट आमच्याकडे दोन वर्षं आहे. तुमची ती स्पेस तिथेच सापडली असती.