प्रमाण विचलन काढताना वर्गमुळाखाली ऋण संख्या येतेय, चूक कुठे?

खाडीकाठ
वजनं सरासरीभोवती किती पसरलीत (म्हणजे प्रमाण विचलन) हे काढायला हापूसच्या एका पेटीतली आठ फळं वजन केली, ग्रॅममध्ये: २४५, २५०, २६२, २३८, २५५, २७०, २४८, २३७. सरासरी २५१ धरली. वर्गांची बेरीज ५,०३,४११, भागिले ८ म्हणजे ६२,९२६.३७५. त्यातून २५१ चा वर्ग, ६३,००१, वजा केला तर उणे ७४.६२५! बेरजा दोनदा तपासल्या. एक्सेल १०.६५ म्हणतं, कॅल्क्युलेटर ११.३९. खरं कुठलं?

आकडेमोड
बेरजा बरोबर आहेत, घोटाळा २५१ मध्ये आहे. एकूण वजन २००५, म्हणजे सरासरी २५०.६२५. तुमच्या सूत्रात बासष्ट-त्रेसष्ट हजारांचे दोन आकडे एकमेकांतून वजा होतात आणि हाती उरतात शंभर-सव्वाशे. सरासरीतली चूक वर्ग करताना सरासरीच्या दुपटीने, इथे सुमारे ५०० पट, फुगते. ०.३७५ चे झाले जवळपास १८८. खरं प्रचरणच (वर्गमुळाखालची संख्या) ११३.४८, ते सगळं त्यात बुडालं.

२५०.६ घेतलीत तरी सुटका नाही. मग १२६.०१५ उरतात आणि मूळ येतं ११.२३. ही चूक जास्त वाईट, कारण उत्तर दिसायला ठीकठाक असतं. उणे आलं म्हणून तुम्ही निदान थांबलात तरी. २५०.६२५ पूर्ण ठेवा, दशांश कापायचे ते अगदी शेवटी.

मिरगाआधी
वहीवर करायचं तर एवढे मोठे वर्ग करताच कशाला? प्रत्येक वजनातून २५० काढून टाका: −५, ०, १२, −१२, ५, २०, −२, −१३. बेरीज ५, वर्गांची बेरीज ९११. आता ५ चा वर्ग भागिले ८, म्हणजे ३.१२५, हे ९११ मधून वजा केले की ९०७.८७५. याला ८ ने भागून मूळ काढा, १०.६५ ग्रॅम. बहुतेकजण हे ३.१२५ विसरतात.

११.३९ ही चूक नाही, तिथे ७ ने भागलंय. फक्त याच आठ फळांचा पसारा हवा असेल तर ८. आठांवरून अख्ख्या पेटीचा अंदाज करायचा तर ७, कारण सरासरी याच आठांतून काढल्यामुळे फरक थोडे कमीच दिसतात. एक्सेलमध्ये नावाच्या शेवटी 'पी' असलेलं फंक्शन पहिलं उत्तर देतं, 'एस' वालं दुसरं. कॅल्क्युलेटरवर सिग्मा (σ) म्हणजे ८ ने, साधा एस म्हणजे ७ ने. काही जुन्या मॉडेलवर दोन्हीकडे सिग्माच असतो, तिथे खाली 'एन वजा १' लिहिलंय का ते बघा.

आणि पेटी आकारानुसार निवडून भरलेली असते. तिच्यावरून बागेतल्या फळांचा पसारा सांगायला जाऊ नका, तो नक्कीच कमी येईल.

खाडीकाठ
जमलं, १०.६५. पण २५० च का? २४० काढले तर?

मिरगाआधी
चालेल. बेरीज ८५, वर्गांची बेरीज १८११. ८५ चा वर्ग ७२२५, भागिले ८ म्हणजे ९०३.१२५. उरले तेच ९०७.८७५. सरासरीच्या जवळचा आकडा घेतला की वर्ग लहान राहतात, एवढंच.