आईवडील दोघांनाही मधुमेह. मी आहार बदलून काही उपयोग?

सावनी_र:
वय ४१, वजन उंचीच्या मानाने जास्त. आईवडील दोघांनाही मधुमेह, वडिलांना शिवाय बीपी. परवा माझं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ५.९ टक्के आलं. घरचे म्हणतात, रक्तातच आहे, पथ्य करून काय होणार? मला हे पटत नाही. आजार खरंच टळतो की नुसता लांबतो? सुरुवात कुठून करू?

निरंजन_आहारतज्ज्ञ:
सावनीताई, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी. 'रक्तातच आहे' म्हणून इथेच हात टेकणारी माणसं मी रोज बघतो आणि फार हळहळ वाटते. कारण नेमक्या याच पायरीवरच्या, वजन जास्त असलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांचा अमेरिकेत अभ्यास झालाय, निष्कर्ष २००२चे. वजन ७ टक्के उतरवायचं, आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालायचं. हे करणाऱ्या गटात साधारण तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी.

टळतो की लांबतो? पंधरा वर्षांनी वजन-चालण्याच्या गटातला हा फरक २७ टक्क्यांवर आला होता. म्हणजे काहींचा टळला, बऱ्याच जणांचा लांबला. पण लांबणं किरकोळ समजू नका. डोळे, मूत्रपिंड, नसा यांचं नुकसान साखर किती वर्षं चढी राहिली त्यावर ठरतं.

सुरुवात गोड पेयांपासून करा. प्यायलेल्या साखरेने पोट भरत नाही, त्यामुळे जेवण तेवढंच होतं. मग मैदा आणि पॉलिश केलेलं धान्य कमी करून अख्खं धान्य, कडधान्यं, भाज्या वाढवा. तंतुमय अन्नामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. पाकीटबंद तयार खाणंही कमी करा. २०१९च्या एका छोट्या, पण काटेकोर प्रयोगात तसं खाणाऱ्यांच्या पोटात रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त गेल्या, तेही हवं तेवढं खायची मुभा दोन्हीकडे असताना.

मृदुला_क:
तेल अजिबात बंद करायचं का? मला तसं सांगितलं होतं.

निरंजन_आहारतज्ज्ञ:
नाही. स्पेनमधल्या मोठ्या अभ्यासात ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा भरपूर घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघात मिळून सुमारे ३० टक्के कमी दिसले. टाळायचे ते ट्रान्स फॅट, म्हणजे तेल कृत्रिमरीत्या घट्ट करताना तयार होणारी चरबी.

सावनी_र:
मनापासून आभार! चालायला लागतेच. वडिलांसाठी कमी सोडियमचं मीठ आणू का?

निरंजन_आहारतज्ज्ञ:
डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर ते रक्तात साठून हृदयाची लय बिघडू शकते. त्यांचा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) आणि पोटॅशियमचा ताजा रिपोर्ट घेऊन जा. तोवर साधंच मीठ, पण दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत.