एलटीएल हे सीटीएलचे धाकटे भावंड नव्हे

सातपूरकर
यंत्र किंवा प्रोग्राम काळाच्या ओघात कसा वागावा हे काटेकोर फॉर्म्युल्यांत लिहिण्याच्या एलटीएल (लिनिअर टेम्पोरल लॉजिक) आणि सीटीएल (कॉम्प्युटेशन ट्री लॉजिक) या दोन तर्कभाषा; यंत्राच्या अवस्थांच्या आराखड्यावर, म्हणजे मॉडेलवर, फॉर्म्युला खरा ठरतो का, हे संगणक तपासतो. पंचवटीकर यांनी काल असे लिहिले की, सीटीएलमध्ये ‘सर्व मार्गांवर’ आणि ‘निदान एका मार्गावर’ असे दोन्ही म्हणण्याची सोय असल्याने ती उघडच अधिक समर्थ आहे आणि एलटीएल हे तिचे धाकटे भावंड आहे. नेमके हेच वाक्य विद्यार्थी उत्तरपत्रिकेत उतरवतात, म्हणून सविस्तर लिहितो. ‘कधीतरी अशी वेळ येते की त्यापुढे प कायम खरे राहते’ हे एलटीएलमध्ये एफजी प (एफ म्हणजे कधीतरी, जी म्हणजे कायम) एवढ्यात लिहून होते. सीटीएलमध्ये लोक एएफ एजी प (ए म्हणजे सर्व मार्गांवर) लिहून मोकळे होतात. कागदावर तीन अवस्थांचे तीन गोल काढा. पहिल्यात प खरे, दुसऱ्यात खोटे, तिसऱ्यात पुन्हा खरे. पहिल्यातून दुसऱ्याकडे व दुसऱ्यातून तिसऱ्याकडे बाण, आणि पहिल्या व तिसऱ्या गोलातून स्वतःकडेच परतणारा एकेक बाण. कोणताही मार्ग घेतला तरी एफजी प खरे ठरते. परंतु जो मार्ग पहिल्या गोलातच जन्मभर फिरत राहतो, त्याला दर क्षणी दुसऱ्या गोलाची वाट उघडी असते, म्हणून त्याच्यावर एजी प कधीच खरे होत नाही. केवळ हाच फॉर्म्युला चुकला असे नव्हे. एफजी प सीटीएलमध्ये कोणत्याच फॉर्म्युल्याने मांडता येत नाही.

पंचवटीकर
तीन गोल पोहोचले, आभारी आहे. आता माझा एक गोल घ्या. अंबडमधील एका कारखान्यात यंत्राचे पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा संगणक) मी तपासत होतो. दोन बटणे विशिष्ट क्रमाने दाबली गेली की यंत्र अशा अवस्थेत जाई, जिथून मूळ स्थितीला परतण्याचा मार्गच उरत नसे. मुख्य पुरवठा तोडूनच ते सुरू करावे लागे. ‘कुठूनही परत येणे शक्य असावे’, म्हणजे एजी ईएफ मूळ (ई म्हणजे निदान एका मार्गावर), हे आपल्या लाडक्या एलटीएलमध्ये लिहून दाखवावे. शिवाय सीटीएलच्या तपासणीचा वेळ मॉडेल आणि फॉर्म्युला यांच्या आकारांच्या गुणाकाराइतकाच वाढतो. एलटीएलचा फॉर्म्युल्याच्या लांबीनुसार घातांकी वाढतो.

सातपूरकर
लिहिता येत नाही, हे मान्य. परतीची वाट शिल्लक असूनही कधीच न परतणारा एखादा मार्ग असतो, आणि एलटीएल एकेक मार्गच पाहते; तो एकटा मार्ग वेगळा काढला तरी तिचा निकाल तोच राहतो. पण मग दोघी परस्परांहून वेगळ्या ठरल्या, थोरली कोणीच नाही. वेग हा तर मूळ प्रश्नच नव्हता, आणि मॉडेलच्या आकाराच्या बाबतीत एलटीएलची तपासणीही रेषीयच आहे, हे १९८५ पासून ठाऊक आहे.

द्वारका_सिग्नल
दोघेही फेअरनेसवर, म्हणजे कोणालाही कायमचे डावलले जाऊ नये या अटीवर, गप्प आहेत, आणि मला नेहमी तेच खटकते. ‘मागणी अनंत वेळा आली तर मंजुरीही अनंत वेळा मिळावी’ हे एलटीएलमध्ये एका ओळीत मावते. सीटीएलमध्ये ‘एजी एएफ मागणी, तर एजी एएफ मंजुरी’ असे लिहिले आणि एखाद्या मार्गावर मागणी येणे कायमचे थांबले, तर आधीची अट खोटी ठरून संपूर्ण विधान आपोआप खरे होते, आणि दुसऱ्या मार्गावर कोणी उपाशी मेला तरी तपासणी यशस्वी! आमच्या चौकात ताटकळणाऱ्याला हे सांगून पाहा. म्हणूनच एसएमव्ही या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये फेअरनेस फॉर्म्युल्याबाहेर वेगळ्या ओळीत द्यावा लागतो. शेजाऱ्याकडून मिठाची वाटी आणायची आणि आपल्या स्वयंपाकाची तारीफ करून घ्यायची, असा हा प्रकार आहे.

पंचवटीकर
मिठाची वाटी आणूनही स्वयंपाक वेळेवर होतो, हे विसरू नका. फेअरनेस बाहेरून दिल्यावरही सीटीएलची तपासणी बहुपदी वेळातच, म्हणजे घातांकी न फुगता, उरकते. ज्यांनी आयुष्यात लाखभर अवस्थांचे मॉडेल चालवलेले नाही, त्यांनी स्वयंपाकघरात डोकावू नये.

द्वारका_सिग्नल
चालवले आहे, साहेब. फेअरनेसची ओळ घालायला विसरलो, आणि प्रत्यक्षात घडूच न शकणारी चूक शोधण्यात दोन रात्री गेल्या. राग त्याचाच आहे.

सातपूरकर
आता दोघींना पोटात घेणाऱ्या सीटीएल-स्टार या तर्कभाषेचे नाव कोणीतरी घेईलच, म्हणून मीच घेतो. त्यात एफजी प आणि एजी ईएफ मूळ ही दोन्ही सुखाने नांदतात, आणि तपासणीचा खर्च एलटीएलसारखाच पीस्पेसमध्ये, म्हणजे बहुपदी स्मृतीत सुटणाऱ्या प्रश्नांच्या वर्गात, राहतो. एमर्सन आणि हाल्पर्न या संगणकशास्त्रज्ञांनी हे भांडण १९८६ मध्येच मांडून ठेवले होते.

पंचवटीकर
‘धाकटे’ हा शब्द मागे घेतो, ‘भावंड’ मात्र नाही. येत्या तासाला तुमचे तीन गोल फळ्यावर काढीन, पण अंबडच्या यंत्रानंतर.