बोटाच्या ठशाचं हॅशिंग जमत नाहीये, मदत हवी आहे

मंडळी, ऑफिसात ठशांवर हजेरी सुरू करायची ठरलंय आणि सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात आलंय. मी आजवर लॉगिन-पासवर्डवालीच कामं केलेला माणूस, म्हटलं त्यात काय, सॉल्ट (दर नोंदीला वेगळी, कशीही निवडलेली अक्षरं) घालून हॅश करून (ज्यावरून मूळ परत काढता येत नाही असा सांकेतिक आकडा बनवून) ठेवू, डेटाबेस फुटला तरी चोराच्या हाती भुसा. तसं केलंही. स्वतःचाच अंगठा सेन्सरवर ठेवला, हॅश आला, लगेच परत ठेवला तर दुसराच हॅश! आधी वाटलं कोडमध्येच घोळ आहे, अख्खी दुपार त्यात घालवली, मग दोन्ही टेम्प्लेट (ठशातून काढलेल्या खुणांची नोंद) शेजारी शेजारी उघडून बघितले तर एकात ३८ बिंदू आणि दुसऱ्यात ३४ (रेघा जिथे संपतात किंवा फुटून दोन होतात त्या जागा), आणि जुळणारे होते तेही सगळे थोडे थोडे सरकलेले. अंगठा जरा तिरका पडला, जरा जास्त दाबला की झालं. हॅशला तर एक बिटही इकडचा तिकडे चालत नाही.

मशीन विकणारा म्हणतो टेम्प्लेट तसाच ठेवा, त्यावरून ठसा परत बनवता येत नाही. हे साफ खोटं आहे, नुसत्या बिंदूंवरून मशीनला फसवेल असा ठसा बनवता येतो हे २००७ मध्येच संशोधकांनी करून दाखवलंय. एन्क्रिप्ट करावं तर जुळवताना दर वेळी उघडावंच लागतं आणि किल्ली त्याच सर्व्हरवर पडलेली. पासवर्ड गेला तर बदलता येतो, बोटं काय बदलणार? २०१५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी कर्मचारी खात्यातून ५६ लाख लोकांचे ठसे गेले, ते आयुष्यभरासाठीच गेले ना.

फझी वॉल्ट आणि कॅन्सलेबल बायोमेट्रिक्सबद्दल वाचलंय, प्रत्यक्षात कोणी वापरलंय का?

प्रतिसाद १
फझी वॉल्ट म्हणजे खरे बिंदू शेकडो खोट्या बिंदूंच्या गर्दीत लपवायचे. कल्पना झकास, पण त्याच बोटाचे दोन वॉल्ट चोराला मिळाले, एक तुमच्याकडचा आणि एक दुसरीकडचा, तर ते एकमेकांवर ठेवले की खोटे बिंदू जुळत नाहीत, खरे बऱ्यापैकी जुळतात. कॅन्सलेबलमध्ये टेम्प्लेट एका किल्लीने मुद्दाम वेडावाकडा करून ठेवतात, फुटला तर किल्ली बदलून नवा करायचा, पण फुटताना किल्लीही सोबत गेली तर बऱ्याच पद्धती लंगड्या पडतात.
मी असतो तर सर्व्हरवर ठसा ठेवलाच नसता. टेम्प्लेट ज्याच्या त्याच्या स्मार्टकार्डात ठेवा, जुळवणीही कार्डाच्या चिपमध्येच होऊ द्या, सर्व्हरला फक्त हो किंवा नाही कळतं. नोंदणीच्या वेळी आलेला ठसा मात्र आठवणीने पुसा. आणि राग मानू नका, पण नुसत्या हजेरीला ठसा लागतोच कशाला? साधं कार्ड काय वाईट आहे?

धागाकर्ता
साध्या कार्डाचं मीही बोललो होतो, एकाचं कार्ड दुसराच दाखवतो म्हणून नको म्हणाले. पण कार्डातच जुळवायचं हे पटलं, उद्या साहेबांसमोर मांडतो. आता एकच घोळ, टेस्टिंगसाठी आम्हा सहा जणांचे ठसे घेतले होते, ते रोजच्या बॅकअपमध्येही गेलेत. अख्खा बॅकअप न उडवता तेवढेच कसे काढायचे?